कर्बच्या पोटात शिरलेला फ्लोअर: रेव्हिटमधला ओव्हरलॅप कसा सोडवायचा

रेव्हिट या इमारतीचं मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पोडियमवरच्या (पार्किंगच्या छतावरच्या मोकळ्या मजल्यावरच्या) ड्राइव्हवेचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, कापला की एक चूक वारंवार दिसते. पेव्हिंगचा (फरसबंदीचा) फ्लोअर कर्बच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या उंच काठाच्या, पोटातून आरपार जातो आणि पलीकडच्या कडेला टेकलेला असतो. प्लॅनमध्ये सगळं स्वच्छ दिसतं. थ्री-डीमध्ये वरून पाहिलं तरी पत्ता लागत नाही, कारण घुसलेला भाग कर्बच्या आत झाकला जातो. चूक उघडी पडते ती दोनच ठिकाणी, सेक्शनमध्ये आणि क्वांटिटीत. सेक्शन प्रत्येक ठिकाणी कापला जात नाही आणि क्वांटिटी हाताने पडताळायला फारसं कुणी बसत नाही, म्हणून ती सरळ बीओक्यूपर्यंत (कामाच्या परिमाणांच्या यादीपर्यंत) पोहोचते.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी जॉइन कमांडकडे जातो, जी दोन घटक जोडून एकाचा घुसलेला भाग दुसऱ्यातून कापते. माझ्या मते तो नंतर जायला हवा. आधी एक प्रश्न सोडवायचा: साइटवर आधी काय बसतं आणि कशावर बसतं? प्रीकास्ट कर्ब लाइनदोरीत आधी बसवतात, पेव्हर ब्लॉक नंतर त्याला भिडवून लावतात. म्हणजे पेव्हिंग कर्बपाशी थांबलं पाहिजे. पण वॉटरप्रूफिंगवरचा प्रोटेक्शन स्क्रीड (संरक्षक सिमेंटचा थर) कर्बच्याही आधी, अख्ख्या पोडियमवर सलग पडतो. तो कर्बखालून जायलाच हवा. एकाच कर्बसमोर एक फ्लोअर थांबतो आणि दुसरा खालून सलग जातो. हे कागदावर ठरवलं की कुठली कमांड वापरायची ते आपोआप ठरतं.

एक ठोस उदाहरण घेऊ. फिनिश लेव्हल ० धरा. स्ट्रक्चरल स्लॅबचा माथा −२१० मिमीवर. त्यावर ६० मिमी स्क्रीड, म्हणजे स्क्रीडचा माथा −१५०. त्यावर पेव्हिंगचा एकूण १५० मिमीचा थर: ४० पीसीसी (साधं काँक्रीट), ३० वाळू, ८० चा पेव्हर. कर्ब १५० रुंद, ३०० उंच, स्क्रीडवर उभा. निम्मा पेव्हिंगच्या जाडीत गाडलेला, निम्मा वर दिसणारा. पदपथाच्या कर्बची उंची रस्त्यापासून १५० मिमीपेक्षा जास्त नको, असं आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका) सांगतो, त्यामुळे वरचा आकडा नेहमीचाच आहे. कर्बची एकूण लांबी २४० मीटर.

पेव्हिंगचा फ्लोअर कर्बच्या रस्त्याकडच्या कडेऐवजी मागच्या कडेपर्यंत काढला, तर ओव्हरलॅप ०.१५ × ०.१५ × २४० म्हणजे ५.४ घनमीटर होतो. पेव्हरचं क्षेत्रफळ ०.१५ × २४० = ३६ चौरस मीटरने फुगतं. हे ३६ चौरस मीटर पेव्हर कुणी लावणार नाही, पण मागवले मात्र जातील. कर्बचा स्वतःचा घनफळाचा आकडा ०.१५ × ०.३० × २४० = १०.८ आहे. हे तीन आकडे लक्षात ठेवा, तपासणीच्या वेळी तेच कामाला येतात.

चूक शिरते कुठून

पहिली जागा लेव्हल. रेव्हिटमध्ये फ्लोअरचा ‘हाइट ऑफसेट फ्रॉम लेव्हल’ हा त्याच्या माथ्याचा आकडा असतो, जाडी तिथून खाली लटकते. वॉल मात्र बेसपासून वर वाढते. कर्ब वॉल म्हणून काढताना बेस ऑफसेट ० ठेवला तर तो पेव्हिंगच्या माथ्यावर नुसता ठेवल्यासारखा राहतो आणि गाडलेला भाग मॉडेलमध्ये येतच नाही. उलट बेस −२१० घेतला तर तो स्क्रीडमध्येही घुसतो. आपल्या उदाहरणात बेस ऑफसेट −१५० आणि अनकनेक्टेड हाइट ३००, एवढंच बरोबर.

दुसरी जागा लोकेशन लाइन. वॉलची लोकेशन लाइन सेंटरलाइनवर असते आणि ड्रॉइंगवरची मापं कर्बच्या रस्त्याकडच्या फेसला दिलेली असतात. कर्ब काढायला घेण्याआधीच लोकेशन लाइन फिनिश फेसवर घ्या, नाहीतर सगळा कर्ब ७५ मिमी सरकतो. मग फ्लोअर बरोबर काढला तरी ओव्हरलॅप किंवा फट येणारच.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. फ्लोअरचं स्केच पिक वॉल्सने काढून हिरवी खूण दाबली की रेव्हिट विचारतो: हा फ्लोअर हायलाइट केलेल्या वॉल्सवर ओव्हरलॅप होतोय, जॉमेट्री जॉइन करून तेवढं घनफळ वॉलमधून कापू का? हा डायलॉग घाईत ‘येस’ म्हणून जातो. नीट वाचा, तो ‘वॉलमधून कापू का’ असं विचारतोय. इथे वॉल म्हणजे आपला कर्ब. येस म्हटलं की पेव्हिंग जिंकतं आणि कर्बचा खालचा निम्मा भाग कापला जातो. घराच्या भिंतीत शिरणाऱ्या स्लॅबसाठी हे उत्तर योग्य असेल. कर्बसाठी उत्तर ‘नो’.

कधी कधी त्याच्या आधी अजून एक प्रश्न येतो: या फ्लोअरच्या लेव्हलपर्यंत येणाऱ्या भिंती त्याच्या बुडाला अटॅच करू का? पोडियमवर काम करताना इथेही नको म्हणा. खालच्या पार्किंगच्या भिंती पेव्हिंगच्या बुडाला चिकटल्या तर त्या स्लॅब भेदून वर येतात, आणि ही गोष्ट कळायला बराच वेळ जातो.

चौथी जागा ऑटोकॅडची फाइल. लिंक केलेल्या डीडब्ल्यूजीच्या रेषा पिक करून स्केच काढलं की तिच्यातला बारीक तिरकेपणा फ्लोअरमध्ये येतो. ०.०१ अंशाचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण ६० मीटर लांबीत तो जवळपास १०.५ मिमी होतो. एका टोकाला फ्लोअर कर्बला टेकलेला, दुसऱ्या टोकाला सेंटिमीटरभर आत. अशी पातळ पाचर जॉइनलाही त्रास देते. डीडब्ल्यूजी खाली दिसू द्या, पण बाउंड्री कर्बच्या फेसलाच स्नॅप करा.

आधी बाउंड्री, मग जॉइन

पेव्हिंग आणि स्क्रीड हे दोन वेगळे फ्लोअर असतील तर उपाय साधा आहे: पेव्हिंगची बाउंड्री कर्बच्या रस्त्याकडच्या फेसवर आणा. फ्लोअर निवडा, एडिट बाउंड्री, मग पिक वॉल्स घेऊन कर्बवर क्लिक करा. गुलाबी रेषा कर्बच्या कोणत्या फेसवर आली ते झूम करून पाहा. मागच्या फेसवर आली असेल तर रेषेवरचे फ्लिपचे बाण दाबा. जुनी रेषा काढून कोपरे ट्रिमने जुळवा, खूण दाबा, डायलॉगला नो. पिक वॉल्सने काढलेली रेषा कर्बशी बांधलेली राहते, कर्ब हलला की फ्लोअर मागोमाग येतो. म्हणून प्रत्येक रेषेला अलाइन करून कुलूप लावत बसू नये. कुलपांची संख्या वाढली की एखादा छोटा बदलही कन्स्ट्रेंटच्या एररवर अडकतो.

एक सावधगिरी. त्या कडेवर आधीच स्लॅब एज (फ्लोअरच्या कडेला लागून जाणारा रेव्हिटचा घटक) बसवलेला असेल तर स्केचमधली जुनी रेषा पुसून नवी काढू नका. स्लॅब एज त्या रेषेवर टांगलेला असतो, रेषा गेली की तोही जातो. तीच रेषा अलाइनने सरकवा.

जॉइन कधी? बऱ्याच ऑफिसांच्या टेम्प्लेटमध्ये स्क्रीड, पीसीसी, वाळू, पेव्हर हे सगळं एकाच कंपाउंड फ्लोअरमध्ये असतं, इथे २१० मिमीचा एक फ्लोअर. अशा फ्लोअरची बाउंड्री कर्बपाशी आणली तर सगळेच थर थांबतात. स्क्रीडही थांबतो आणि कर्बखाली ६० मिमीची पोकळी उरते. इथे जॉइनच हवा. फ्लोअर कर्बच्या मागच्या फेसपर्यंत जाऊ द्या आणि दोघांना जॉइन करा. कर्ब जिंकला की फ्लोअरमधून नेमका कर्बच्या आकाराचा, १५० मिमी खोल खाचा निघतो आणि खालचा ६० चा स्क्रीड सलग राहतो.

मॉडिफाय टॅबवर जॉमेट्री पॅनलमध्ये जॉइन आहे. कर्बचे तुकडे बरेच असतील तर ऑप्शन्स बारमध्ये ‘मल्टिपल जॉइन’ला टिक करा, आधी फ्लोअर निवडा, मग एकेक कर्ब क्लिक करत जा. फ्लोअर आणि वॉल जॉइन केले की सहसा फ्लोअरच जिंकतो, म्हणून लगेच त्याच ड्रॉपडाउनमधून स्विच जॉइन ऑर्डर घ्या आणि त्याच क्रमाने पुन्हा क्लिक करा. जॉइन झाला म्हणजे काम झालं असं समजू नका, कोण जिंकलं ते सेक्शनमध्ये पाहा.

मटेरियलकडेही लक्ष हवं. जॉइन केलेल्या दोन घटकांचं मटेरियल एकच असेल तर रेव्हिट मधली रेषा पुसून टाकतो. आरसीसीचा कर्ब स्लॅबवर डॉवेल (जोडणीच्या सळ्या) सोडून जागेवर ओतला असेल तर हे अगदी योग्य आहे. तिथे बेस स्लॅबच्या माथ्यावर ठेवा, दोघांना तेच काँक्रीट द्या, जॉइन करा, सेक्शन एकसंध दिसेल. फेस फक्त टेकलेले असल्यामुळे घनफळात फरक पडत नाही. पण प्रीकास्ट कर्ब आणि पीसीसी यांना आळसाने एकच ‘काँक्रीट’ मटेरियल दिलं असेल तर कर्बची कडच सेक्शनमधून गायब होते. प्रीकास्टसाठी वेगळं मटेरियल बनवा, हॅच सारखाच असला तरी चालेल.

जॉइन फुकटात मिळत नाही, हेही सांगायला हवं. शेकडो जॉइन असलेलं मॉडेल जड होतं, आणि एखादा कर्ब सरकला की ‘जॉइन केलेले घटक एकमेकांना छेदत नाहीत’ अशा वॉर्निंगची रांग लागते. म्हणून जिथे बाउंड्रीने भागतं तिथे बाउंड्री.

कर्ब कशाने काढलाय, त्यावरही बरंच अवलंबून

वॉलचा कर्ब सरळ आणि सपाट पोडियमसाठी चांगला. जॉइन होतो, शेड्यूल होतो, रस्त्याकडचा फेस कलता असेल तर २०२२ पासून टेपर्ड वॉलचीही सोय आहे. फक्त तीन गोष्टी लगेच करा. रूम बाउंडिंगची टिक काढा, नाहीतर दीड वितीचा कर्ब पार्किंगची रूम तोडतो. जिथे कर्ब इमारतीच्या भिंतीला किंवा कंपाउंड वॉलला भिडतो तिथे टोकाच्या निळ्या ठिपक्यावर राइट-क्लिक करून डिसअलाउ जॉइन द्या, कारण वॉलची टोकं आपोआप एकमेकांत शिरतात. आणि टाइपच्या नावाची सुरुवात कर्बने करा, म्हणजे भिंतींच्या शेड्यूलमधून फिल्टरने बाजूला काढता येतात.

स्लॅब एज तेव्हा वापरावा जेव्हा कर्ब फ्लोअरच्या कडेचाच भाग आहे, उदाहरणार्थ टेरेसच्या किंवा पोडियमच्या कडेचा आरसीसी उठाव. आर्किटेक्चर टॅब, फ्लोअरच्या ड्रॉपडाउनमध्ये स्लॅब एज, मग आडवी कड क्लिक करा. ओव्हरलॅप होणार की नाही हे इथे प्रोफाइल फॅमिलीतच, म्हणजे कर्बच्या छेदाचा आकार ठेवणाऱ्या फाइलमध्येच, ठरतं. मेट्रिक प्रोफाइल-होस्टेड टेम्प्लेटमध्ये दोन रेफरन्स प्लेन जिथे छेदतात तो बिंदू म्हणजे फ्लोअरची कड. प्रोफाइल त्या बिंदूच्या बाहेरच्या बाजूला काढलं तर ते स्लॅबच्या बाहेर लटकतं. आतल्या बाजूला काढलं तर त्याचं बूड शून्यावरच हवं, शून्याखाली गेलेला प्रत्येक मिलिमीटर स्लॅबमध्ये घुसतो. फॅमिलीच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोफाइल युसेज स्लॅब एज ठेवा, म्हणजे ते चुकून दुसऱ्या यादीत जात नाही. बारीक फरकासाठी व्हर्टिकल आणि हॉरिझाँटल प्रोफाइल ऑफसेट इन्स्टन्सवर मिळतात.

वळणं घेत जाणाऱ्या लांब कर्बसाठी बरेच जण रेलिंग वापरतात: कर्बचं प्रोफाइल दिलेली एक रेल, बलस्टर (उभ्या दांड्या) काहीच नाही. काढायला झटपट आहे. पण रेलिंग जॉइन होत नाही, त्यामुळे फ्लोअरची बाउंड्री हाच एकमेव उपाय उरतो. रेलिंगचा पाथ कॉपी करून त्याच रेषांवर फ्लोअरचं स्केच बेतावं, दोन्हीकडे वेगळे आर्क काढले तर वळणावर कुठेतरी फट राहतेच.

जनरिक मॉडेलची लाइन-बेस्ड फॅमिली हा चौथा मार्ग, आणि प्रीकास्ट कर्बसाठी मला तो पसंत आहे. फॅमिलीत कर्बच्या सॉलिडसोबत त्याच्याच गाडलेल्या भागाएवढा व्हॉइड (दुसऱ्याला कापणारा पोकळ आकार) ठेवा, तो सॉलिडला कापू देऊ नका, आणि फॅमिलीच्या प्रॉपर्टीत ‘कट विथ व्हॉइड्स व्हेन लोडेड’ला टिक करा. प्रोजेक्टमध्ये मॉडिफाय टॅबवरचं कट घेऊन आधी फ्लोअर, मग कर्ब निवडा. कोण जिंकणार हा वादच उरत नाही, व्हॉइड नेहमी फ्लोअरलाच कापतो. उणीव एवढीच की कट दर कर्बला हाताने द्यावा लागतो, आणि आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल देवाणघेवाणीची फाइल) काढताना जनरिक मॉडेल प्रॉक्सी, म्हणजे प्रकार न सांगितलेला घटक, म्हणून बाहेर जातं. आयएफसी ४.३ मध्ये कर्बसाठी स्वतंत्र वर्ग आहे, समोरच्याचं सॉफ्टवेअर तो वाचत असेल तर एक्स्पोर्टचं मॅपिंग बदलून द्या.

उतार आणि रॅम्प

पाणी वाहावं म्हणून शेप एडिटिंगने पॉइंट उचललेला फ्लोअर असेल तर जॉइनवर फार भिस्त ठेवू नये. वाकड्या माथ्याच्या फ्लोअरशी जॉइन कधी होतो, कधी पॉइंट हलवल्यावर तुटतो. इथे फ्लोअर कर्बच्या रेषेवर थांबवा. शिवाय फ्लोअरच्या थरांपैकी एकालाही ‘व्हेरिएबल’ची टिक नसेल तर पॉइंट उचलल्यावर सगळी जाडी वाकते आणि बूडही तिरकं होतं, मग तेच बूड खालच्या सपाट स्क्रीडमध्ये शिरतं. पीसीसीच्या थराला व्हेरिएबलची टिक दिली की बूड सपाट राहतं आणि उताराचं माप त्या थरात जातं, साइटवर होतं तसंच.

व्हीलचेअरसाठी कर्ब उतरवला असेल तर १:१२ च्या उताराने १५० मिमीला १.८ मीटर लांबी लागते. हा रॅम्प वेगळा फ्लोअर म्हणून काढतात आणि खालचा पदपथाचा फ्लोअर तसाच ठेवतात, मग ‘हायलाइटेड फ्लोअर्स ओव्हरलॅप’ ही वॉर्निंग येते. पदपथाच्या बाउंड्रीत रॅम्पच्या मापाची खाच द्या, रॅम्प त्यात बसवा. उतरत्या भागातला कर्ब सरळ असेल तर वॉलच्या एडिट प्रोफाइलने तिरका कापता येतो. वळणावर असेल तर वॉल सोडून इन-प्लेस स्वीप घ्यावा, कारण गोल वॉलला एडिट प्रोफाइल मिळत नाही.

तपासणी

मॅनेज टॅबवरच्या रिव्ह्यू वॉर्निंग्जमध्ये वरची फ्लोअर ओव्हरलॅपची वॉर्निंग शोधा, पण ती फक्त फ्लोअर विरुद्ध फ्लोअरसाठी आहे. कर्बची वॉल फ्लोअरमध्ये घुसली तर रेव्हिट गप्प राहतो. वॉर्निंगची यादी रिकामी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. त्यासाठी कोलॅबोरेट टॅबवरचं इंटरफिअरन्स चेक चालवा, एका बाजूला फ्लोअर्स, दुसऱ्या बाजूला वॉल्स. यादीतली ओळ निवडून ‘शो’ दाबलं की नेमकी जागा समोर येते.

मग मटेरियल टेकऑफ (मटेरियलनुसार मापांचा तक्ता) काढा, मटेरियल आणि घनफळ हे दोन कॉलम पुरेत. आपल्या उदाहरणात कर्बचा आकडा दुरुस्तीआधी १०.८ आणि नंतरही १०.८ असला पाहिजे. तो ५.४ झाला असेल तर जॉइनचा क्रम उलटा आहे, स्विच करा. पेव्हिंगमधून ५.४ कमी व्हायला हवेत: पेव्हरमधून २.८८, वाळूतून १.०८, पीसीसीतून १.४४. स्क्रीडचा आकडा तसूभरही हलता कामा नये. तो २.१६ ने कमी झाला असेल, तर बाउंड्रीने स्क्रीडही कापला गेलाय आणि कर्ब हवेत उभा आहे.

स्ट्रक्चरचं मॉडेल लिंक असेल तर लक्षात ठेवा, लिंकमधल्या स्लॅबशी आपला कर्ब जॉइन होत नाही. तिथे बेस ऑफसेटच अचूक हवा, आणि स्ट्रक्चरवाल्यांनी स्लॅबची लेव्हल बदलली की कर्बचा बेसही त्याच दिवशी बदलायला हवा.